‘एन्डेमिक’ रोगाला मराठीत काय म्हणायचं?

गंगावेशीचा : हत्तीरोगावरचं एक पत्रक मराठीत करतोय. ‘गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागात एन्डेमिक’ असं मूळ वाक्य आहे. कास पठारावरच्या फुलांना आपण ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणतो. तोच शब्द रोगाला चालेल?

चंदगडकर गुरुजी : नाही चालणार. फुलाच्या बाबतीत अर्थ ‘तिथंच, दुसरीकडं कुठंच नाही’. रोगाच्या बाबतीत अर्थ ‘तिथं कायम असतो’. दुसरीकडं असला तरी हरकत नाही. हत्तीरोग तर आफ्रिकेतही आहे.

उत्तरेश्वर पेठ : मग ‘स्थानबद्ध’ म्हणा 😄

गंगावेशीचा : भावा, त्याला जामीन कोण देणार! ‘देशी’ही नको. आपल्याकडं देशी म्हटलं की एक तर कोंबडी, नाहीतर दुकान.

आजरेकर काकू : मला ‘निष्ठा’च खटकते. आफ्रिकेतला निद्रारोग घ्या. तो सहाराच्या दक्षिणेलाच सापडतो, कारण त्सेत्से माशी तिथंच जगते. निष्ठा असलीच तर ती माशीची. रोगाला कसली आलीय निष्ठा? माकडताप बघा. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडला, म्हणून इंग्रजीत जंगलाचंच नाव मिळालं. बरीच वर्षं तो ‘तिकडचा’ होता. आता तिलारी घाट उतरून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात विचारा. काजूच्या बागेत जाणारी माणसं गोचिडीला घाबरतात, कारण हा ताप तिच्या चाव्यानं होतो.

चंदगडकर गुरुजी : काकू, बरोबर. कानडीत त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात, म्हणजे माकडाचा आजार. आपला ‘माकडताप’ही तसाच. दोन्ही भाषांनी गाव सोडलं आणि माकड धरलं, हे बरंच झालं. फक्त गोचीड नामानिराळी राहिली.

गंगावेशीचा : गुरुजी, पण माझा शब्द?

चंदगडकर गुरुजी : क्रियापदाकडं बघ. साथ ‘येते’, ‘पसरते’, ‘ओसरते’. हा रोग येत नाही, असतोच. म्हणून मी ‘मुक्कामी’ म्हणेन. पटकी, म्हणजे कॉलरा, गंगेच्या मुखाकडच्या बंगालात मुक्कामी होती, 1817 पासून तिथून साथी निघाल्या. एकच रोग इथं मुक्कामी आणि तिथं साथ, हे या शब्दात नीट बसतं.

आजरेकर काकू : आणि मुक्काम हलवताही येतो. नारू हा जंताचा रोग आपल्याकडच्या पायविहिरींच्या पाण्यात किती काळ मुक्कामी होता! 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. ‘प्रदेशनिष्ठ’ म्हटलं असतं तर त्याला घालवावं असं वाटलंही नसतं. दुर्मीळ फुलासारखं कुंपण घातलं असतं.

उत्तरेश्वर पेठ : ‘मुक्कामी’ म्हटलं की मला एसटीच आठवते. मुक्कामी गाडी सकाळी पहिली सुटते.

गंगावेशीचा : ती सुटते, हा हलत नाही, एवढाच फरक. पत्रकात ‘या भागात मुक्कामी असलेला’ लिहितो. साहेबांनी खोडलं तर ‘कायम आढळणारा’. ‘प्रदेशनिष्ठ’ फुलांनाच राहू दे.