मदत हवी आहे: खारघरच्या डोंगरावर चर खणावेत की गवत राखावं?

आम्ही खारघर-बेलापूरची मंडळी रविवारी डोंगरावर झाडं लावतो, जगवतो. पावसाळा तोंडावर आलाय आणि गटात दोन तट पडलेत.

एका तटाचं म्हणणं, अख्ख्या उतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे चर खणू, पाणी जिरेल. मला धास्ती वाटते. वणव्याने उघड्या पडलेल्या उतारावरून पहिल्या सरीला राखेचं काळं पाणी येतं, पाठोपाठ लाल गढूळ. वरचा थर उकरून पाहिला: वीतभर माती, खाली मुरूम, मग कातळ. इथे चर भरून फुटला तर सगळा लोंढा एकाच घळीत उतरेल ना?

ब्रिटनच्या डोंगरमाथ्यांवरच्या पीटबद्दल वाचल्यापासून हे डोक्यात आहे. पीट म्हणजे पुरती न कुजता साठत गेलेल्या शेवाळाची, वनस्पतींची ओलीगच्च काळी माती. तिथे १९६०-७०च्या दशकांत सरकारी अनुदान घेऊन चर काढले, मेंढ्यांना चांगली चराई मिळावी म्हणून. चराई फारशी सुधारली नाही. पीट मात्र चरांच्या कडेने झिजू लागलं. पीट असं वाळलं, झिजलं की खालच्या पिण्याच्या पाण्याच्या तलावांत तपकिरी पाणी येतं, आणि क्लोरीन घालण्याआधी तो रंग काढावा लागतो, नाहीतर त्यातून घातक संयुगं बनतात. आता तेच चर जागोजाग बांध घालून बुजवतात.

ते चर पाणी काढून द्यायला होते, आपले अडवायला. हा फरक मला मान्य आहे. पण त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पीट पाणी पिऊन पूर थोपवतं असं आपण धरून चालतो, प्रत्यक्षात ते बहुतेक काळ आधीच तुडुंब असतं. पाण्याचा वेग मोडतो तो वरच्या स्फॅग्नम शेवाळाच्या खडबडीत थरामुळे. जुलैत आपला डोंगरही तुडुंबच असतो! मग इथेही जिरवण्यापेक्षा अडखळवणं जास्त कामाचं नाही का?

म्हणून विचारतो:
किती उतारापर्यंत आणि किमान किती मातीत समतल चर टिकतात? कोकणातल्या पावसाचा अनुभव असेल तर तोच सांगा, दुष्काळी भागातला इथे कितपत लागू पडेल शंका आहे.
चर न खणता गवत-कारवी राखली, घळींत अनगड दगडांचे बुटके बांध घातले आणि पावसाळ्यानंतर जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढल्या, तर भागेल का?

वनखात्याकडे परवानगीचा अर्ज याच आठवड्यात द्यायचाय, त्यात नेमकं कोणतं काम लिहू ते कृपया सांगा. उताराचे फोटो हवे असतील तर टाकतो.