जूनमध्ये मत देणाऱ्याने निवडायचं तरी काय?

ओकट्रीवाला (एडिसन, न्यू जर्सी)

मूळचा साताऱ्याचा, आता एडिसनचा. नागरिकत्वाची शपथ घेऊन बाहेर पडलो तर दारातच टेबल मांडून मतदार नोंदणीचे फॉर्म वाटत होते. उभ्याउभ्या भरला, पक्षाच्या रकान्यात डेमोक्रॅटिकवर खूण केली. त्या दिवसाचा उत्साह विचारू नका.

आता मुद्दा. आमची अध्यक्षीय प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं राज्यातलं मतदान, जूनच्या पहिल्या आठवड्यात असते. २०१६ ला ७ जूनला होती, कॅलिफोर्नियाचीही त्याच दिवशी. आदल्या संध्याकाळीच असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जाहीर करून टाकलं, की हिलरी क्लिंटन यांच्याकडे पुरेसे प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे) जमलेत. त्या बेरजेत सुपरडेलिगेटही धरलेले, म्हणजे पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी. त्यांचं खरं मतदान व्हायचं होतं जुलैच्या अधिवेशनात! २०२० ला कोविडमुळे आमची तारीख ७ जुलैवर गेली, आणि बायडन यांचे प्रतिस्पर्धी सँडर्स ८ एप्रिललाच बाजूला झालेले. २०२४ ला ४ जूनला बायडन यांना मत दिलं, २१ जुलैला त्यांनीच माघार घेतली. मग ऑगस्टच्या सुरुवातीला प्रतिनिधींनी ऑनलाइन मतदान करून कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. त्या तर प्रायमरीत उमेदवारच नव्हत्या.

दर वेळी आम्ही शेवटच्या पंगतीला. बसतो तोवर जिलबी संपलेली, वाढपी घामाघूम, आणि यजमान म्हणतो, सावकाश होऊ द्या. बायको अजून ग्रीन कार्डवर आहे. मी बूट घालत होतो तर म्हणाली, "नक्की कोणाला निवडायला चाललायस?"

आयोवा आणि न्यू हॅम्पशायरला सगळ्यांआधी मत द्यायचा हा मान दिला कोणी? आणि आमच्यासारख्या मोठ्या, मिश्र वस्तीच्या राज्यांनी तो का सोसायचा? मला हा धडधडीत अन्याय वाटतो. त्या बाजूचं कोणी असेल तर त्यांनी जरूर लिहावं. (ट्रम्प-बायडन धुळवड इथे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.)

मक्याचं_शेत (एम्स, आयोवा)

त्या बाजूची मीच सापडेन बहुतेक.

मान कोणी दिला नाही, तो घेतला गेला. न्यू हॅम्पशायर १९२० पासून पहिलं आहे आणि त्यांनी तसा कायदाच करून ठेवलाय. आमचं प्रकरण नंतरचं. १९६८ ला हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅट्सची उमेदवारी मिळवली, बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या. त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि सामान्य मतदाराला खरं वजन आलं. आयोवात प्रभाग, काउंटी, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या असल्यामुळे वेळ लागायचा, म्हणून १९७२ ला डेमोक्रॅट्सनी पहिली पायरी जानेवारीत घेतली. १९७६ ला कार्टर इथून वर आले. खरं तर तेव्हा सगळ्यात जास्त लोकांनी "अजून कोणीच नाही" म्हटलं होतं, कार्टर त्याच्या खाली होते. पण टीव्हीवाल्यांना नाव हवं असतं.

२०२० च्या कॉकसला (प्रायमरीऐवजी आमच्याकडे होणारी मतदारांची सभा) मी शाळेच्या जिममध्ये होते. संध्याकाळी सातला हजर व्हायचं, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं. ज्यांचा गट १५ टक्क्यांच्या खाली, त्यांना दुसरीकडे जायची मुभा. मग शेजारीपाजारी येऊन गळ घालायचे. मजा यायची, खोटं कशाला बोलू. पण आमच्या गल्लीतली नर्स रात्रपाळीला होती, तिचं मत गेलं. ते गुप्तही नसायचंच. शेवटी ॲप बिघडलं आणि निकालाला कित्येक दिवस लागले. मतं सँडर्स यांना जास्त, प्रतिनिधी बुटिजेज यांना जास्त.

तेव्हा आमची पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. २०२४ ला डेमोक्रॅट्सनी आम्हाला मागे ढकलून साउथ कॅरोलायनाला पुढे आणलं, तेही पटतं मला. पण लहान राज्य पहिलं असण्याचा फायदा आहेच. मी एका उमेदवाराला ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल तोंडावर विचारलंय. उत्तर गोलगोल होतं, पण ते दोन फुटांवरून द्यावं लागलं त्याला. तुमच्या न्यू जर्सीत तेच उत्तर टीव्हीच्या जाहिरातीत येईल आणि उलटा प्रश्न विचारता येणार नाही. सगळ्या देशाने एकाच दिवशी मत द्यायचं म्हटलं, तर ज्याच्याकडे पहिल्या दिवसापासून पैसा तोच टिकेल.

फ्रीमॉन्टकर

ओकट्रीवाले, आधी मत दिल्याने सुटतं असं समजू नका. कॅलिफोर्नियाने तुमच्यासारखंच रडगाणं गात २०२० ला प्रायमरी जूनवरून ३ मार्चला आणली. मी शहाण्यासारखी मतपत्रिका टपालाने लवकर पाठवली, बुटिजेज यांना. ते १ मार्चला बाहेर! दुसऱ्या दिवशी क्लोबुशार गेल्या. टपालात पडलेली अशी मतं सगळी वाया.

याला तारखेचं औषध नाही, पसंतीक्रमाचं आहे. त्याच वर्षी अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगच्या डेमोक्रॅट्सनी १, २, ३ असा क्रम लिहायला दिला होता. पहिला उमेदवार गळाला तर मत दुसऱ्याकडे जातं. माझं मत असं कुठेतरी पोचलं तरी असतं.

ओकट्रीवाला

मक्याचं_शेत ताई, दोन फुटांवरचं उत्तर आवडलं. पण तो मान कायम तुम्हालाच का? फिरता ठेवा. एकदा आयोवा, एकदा न्यू मेक्सिको, एकदा डेलावेअर. लहान राज्यंच हवीत तर लहान राज्यांचा तुटवडा नाही.

फ्रीमॉन्टकर, आम्हीही पुढे सरकून पाहिलंय. २००८ ला न्यू जर्सीची अध्यक्षीय प्रायमरी ५ फेब्रुवारीला झाली होती, पुढच्या खेपेला परत जून. बाकीच्या पदांची प्रायमरी जूनमध्येच असते, मग अध्यक्षपदासाठी वेगळं मतदान घ्यायचा खर्च कोण करणार? पसंतीक्रमाला मात्र माझं अनुमोदन.

बेळगावकर_डेट्रॉइट

तारखेवरच सगळा धागा अडकलाय. मतांचं प्रतिनिधींत रूपांतर कसं होतं ते बघा की. रिपब्लिकनांकडे अनेक राज्यांत जिंकणारा सगळं नेतो. २०१६ ला साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं पडली आणि ५० च्या ५० प्रतिनिधी मिळाले. डेमोक्रॅट्सकडे प्रमाणशीर वाटप आहे, पण १५ टक्क्यांखाली शून्य. आमचे बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ ला इथली काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) प्रायमरी साधारण २८ टक्क्यांवर जिंकले, नऊ जणांत. गाववाल्याचा अभिमान आहेच, पण ७२ टक्के लोकांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिलं होतं, हेही खरं.

आणि ठरलेल्या शर्यतीतही मताला वजन आणता येतं. २७ फेब्रुवारी २०२४ च्या प्रायमरीत बायडन यांना इथे मिशिगनमध्ये खरा प्रतिस्पर्धी नव्हता. तरी गाझावरून चिडलेल्या एक लाखाहून जास्त लोकांनी "अनकमिटेड"वर (कोणालाच बांधील नाही) खूण केली. प्रतिनिधी मिळाले दोनच, पण बातमी देशभर झाली.

जर्सीसिटी_०७

एडिसनचे काका, जूनच्या मतपत्रिकेवर अध्यक्षपद हे एकच नाव नसतं हो! आपल्याकडचा खरा घोळ "लाइन"चा. २१ पैकी १९ काउंट्यांत पक्षाच्या काउंटी संघटनेने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार एका रांगेत छापले जायचे, वरपासून खालपर्यंत. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. सिनेटचे उमेदवार अँडी किम कोर्टात गेले आणि मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक मतपत्रिकेपुरती ती पद्धत थांबवली. ४ जूनला पदानुसार छापलेली मतपत्रिका हातात आली ना? ती त्यामुळे. त्याच दिवशी किम सिनेटची प्रायमरी जिंकले. आयोवाला नावं ठेवताना घरचं हे विसरू नका.

ओकट्रीवाला

ती मतपत्रिका आठवते. नावं शोधावी लागली नाहीत, एवढंच तेव्हा जाणवलं होतं.

आता एक व्यावहारिक शंका. पक्षाची नोंदणी काढून टाकून अपक्ष राहिलो, तर ऐनवेळी ज्या पक्षात खरी लढत असेल तिथे मत देता येईल का?

जर्सीसिटी_०७

येईल. अपक्ष नोंदणी असेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगता येतो. पण आत्ता तुम्ही डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले आहात, तेव्हा बदलाचा अर्ज प्रायमरीच्या ५५ दिवस आधी पोचायला हवा. नदीपलीकडे न्यूयॉर्कात तर २०१६ च्या १९ एप्रिलच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपली होती. इव्हांका आणि एरिक ट्रम्प दोघांचीही ती हुकली, आणि वडील उमेदवार असून दोघांना मत देता आलं नाही.