टायरची नक्षी शाबूत आहे, तरी बदलायचे? आणि बायकोसाठी ऑटोमॅटिक कोणती?

मनीषनगरकर
नमस्कार मंडळी. माझी २०१९ ची कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे, १.२ पेट्रोल, मॅन्युअल. ४१ हजार किलोमीटर झाले, टायर कंपनीतून आले तेच. परवा पंक्चर काढायला गेलो तर टायरवाला म्हणाला, चारही बदला. नक्षी तर अजून चांगली खोल आहे. वरून म्हणतो २०५/६५ आर १६ साइजचे काढून २१५/६० टाका, गाडी भरदार दिसते. पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन समृद्धीनं शिर्डीला जायचं ठरवून राहिलो, म्हणून काळजी.

दुसरं, दिवाळीला बायकोसाठी ऑटोमॅटिक घ्यायची आहे. मनीषनगर ते सीताबर्डी रोजचं जाणं-येणं, वर्षाला आठ-नऊ हजाराच्या वर चालणार नाही. एएमटी, सीव्हीटी, डीसीटी या गिअरबॉक्समधलं काय घ्यावं? डिझेल परवडेल का?

वर्धारोडकर
भाऊ, दिवाळीला वेळ आहे, ते राहू द्या. आधी खाली जा आणि टायरच्या बाजूवर 'डीओटी' कुठे लिहिलं आहे ते शोधा. त्याच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतील, मोबाइल आत धरून फोटो काढा.

हे का सांगतो ते ऐका. २०२३ च्या मे महिन्यात, दुपारी अडीचच्या सुमारास, समृद्धीवर कारंजा लाडच्या पुढे माझा मागचा डावा टायर फुटला. ११० ला होतो. आई मागे, त्याच बाजूला बसली होती. ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंग सरळ घट्ट धरलं, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला. गाडी कडेला थांबेपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. उतरली तेव्हा तिचे हात थरथरत होते. तिला पाणी दिलं, मग टायर पाहिला. जी नक्षी उरली होती ती मस्त खोल, आणि तारीख २०१५ ची. गाडी सेकंड हॅन्ड घेतली होती. विकणाऱ्यानं 'टायर नवेच आहेत' असं सांगितलं, आणि मी फक्त नक्षी पाहिली होती. आईचे ते हात मला आजही दिसतात.

नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला, हे खरं. पण ती खोल आहे म्हणजे टायर जिवंत आहे असं नाही. ऊन आणि हवा रबर कडक करतात, बाजूला आणि नक्षीच्या खाचांमध्ये केसाएवढ्या भेगा पडतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, ४५ अंशात दिवसभर उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर मी टायरला सहा वर्षांच्या पुढे जाऊ देत नाही.

अजून एक गोष्ट, जी आपल्याकडे उलटीच करतात. उन्हाळ्यात हवा वाढते म्हणून पाच-सहा पीएसआय कमी भरायची. असं करू नका! कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबला की तापतो, आणि तापला की फुटतो. दाराच्या चौकटीवर जो आकडा लिहिला आहे तोच, सकाळी, गाडी चालवायच्या आधी. चार माणसं आणि सामान असेल तर तिथंच भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा असतो, तो घ्या. वाटेत तपासली तर चार-पाच वाढलेली दिसेल, ती सोडू नका. नायट्रोजन भरला तरी चालेल, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. खरं काम दर पंधरवड्याला तपासण्यानं होतं.

साइज कंपनीचीच ठेवा. २०५/६५ ची उंची साधारण ६७३ मिलिमीटर, २१५/६० ची ६६४. म्हणजे गाडी थोडी खाली बसणार आणि स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवणार, हाती काही लागणार नाही. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मात्र कंपनीपेक्षा कमी घेऊ नका.

हिंगणा_गॅरेज
वरच्या दादांनी टायरचं बरोबर सांगितलं. गिअरबॉक्सचं मी सांगतो, रोज उघडून राहिलो.

एएमटी म्हणजे तुमच्या मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि क्लच, फक्त पाय आणि हाताचं काम मशीन करते. स्वस्त, मायलेज चांगलं. पण उड्डाणपुलाच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी रोखून धरली तर क्लच जळतो, तिथं ब्रेकच लावायचा. डीसीटी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक; त्यातला ड्राय, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचचा, पळवायला छान, पण मे महिन्यात गर्दीत फूटफूट सरकताना तापतो. वहिनींना बर्डीच्या गर्दीत चालवायची आहे, तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा) पहा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद तेलातून जाते, त्यामुळे सरकताना क्लच झिजत नाही. किंमत जास्त पडेल, मायलेज थोडं कमी. गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभर चालतं' असं कोणी म्हटलं तरी मॅन्युअल उघडून पहा. कडक वापराचा तक्ता वेगळा असतो, आणि नागपूरचा उन्हाळा त्यातच धरा.

संत्राबर्फी
डिझेल घेऊ नका. बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धूर गाळणारा फिल्टर असतो, त्यात काजळी साठते. ती जाळायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग वीसेक मिनिटं चालावी लागते. सीताबर्डीपर्यंतच्या फेऱ्यांत ते होत नाही, दिवा लागतो. माझ्या भावाच्या गाडीचा लागायचा, तो दर रविवारी बुटीबोरीपर्यंत जाऊन यायचा.

साधं १.२ पेट्रोल शहराला पुरतं. टर्बो घेतली तर ऑइल वेळेवर आणि मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं. आणि कुठलंही इंजिन असो, कूलंटमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडचं पाणी जड आहे, रेडिएटरमध्ये क्षार धरतो.

मनीषनगरकर
आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. चारही ०७१९, स्टेपनीसुद्धा. मागच्या दोघांना बाजूनं बारीक भेगा आहेत, इतक्या दिवसांत कधी वाकून पाहिलंच नव्हतं. शनिवारी बदलतो, २०५/६५ च. बायकोला टॉर्क कन्व्हर्टरवाली चालवून पाहायला नेतो.

वर्धारोडकर
बरं केलं. दुकानात टायर रिमवर चढायच्या आधी आकडे वाचा, चढल्यावर परत घेत नाहीत. व्हॉल्व्हही नवे टाकायला सांगा. स्टेपनी पण २०१९ चीच आहे, तीही बदला. आणि शिर्डीला पहाटे निघा, ऊन चढायच्या आत बरंच अंतर कापून होईल.