मदत हवी आहे: एमएस आणि सोलापूरचा उन्हाळा, व्यायाम कसा चालू ठेवायचा?

धाकट्या बहिणीला एमएस (मल्टिपल स्क्लेरॉसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) आहे. न्यूरॉलॉजिस्टनी रोज व्यायाम सांगितलाय; आजाराचा नवीन अटॅक नाही. थंडीत ती सिद्धेश्वर तलावाकाठी अर्धा तास चालायची. आता पारा ४२ वर. दहा मिनिटांत डावं पाऊल घासायला लागतं (त्या चपलेचं टोक पार झिजलंय), नजर धूसर होते. अंग गार झालं की पूर्ववत. उष्णतेनं तात्पुरतं असं होतं हे डॉक्टरांनी समजावलंय, तरी धास्तीनं तिनं व्यायामच सोडला आणि पाय आखडत चाललेत. मला तेच जास्त खुपतंय.

पहाटे साडेपाचला नेऊन पाहिलं, मानेवर ओला पंचा ठेवला; थोडाच फरक पडला. घरात कूलर आहे, एसी नाही. तोल जातो, म्हणून पोहणं नको.

खुर्चीत बसून, दिवसातून दोन-तीनदा थोडा थोडा व्यायाम कुणी करतं का? ताकदीचे कोणते, ताणाचे कोणते, आणि मध्ये विश्रांती किती घेता?