विषय: बेळगावकडचे आईवडील, स्मृतिभ्रंश आणि मुखत्यारपत्र

प्रेषक: सभासद, लेस्टर (मूळ निपाणी)

नमस्कार मंडळी,

आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एकटे आहेत. त्यांना स्मृतिभ्रंश झाला आणि कुठं ठेवायची वेळ आली, तर इथल्या ‘डॉल्स’सारखं (समज नसलेल्या माणसाला केअर होममध्ये किंवा इस्पितळात अडवून ठेवण्याआधी लागणारी तपासणी आणि परवानगी) तिकडं काही आहे का? मुलाच्या नावचं मुखत्यारपत्र पुरतं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

प्रेषक: वकील सभासद, लंडन (मूळ बेळगाव)

नमस्कार,

मुखत्यारपत्र पुरत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे करून देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारी संपते. इंग्लंडातलं लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी समज गेल्यावरही चालतं, त्या सवयीनं आपली माणसं गाफील राहतात. बँकेनं चालवून घेतलं म्हणून ते कायदेशीर होत नाही. भावंडांत वाद लागला की त्या काळातला प्रत्येक व्यवहार उकरून काढता येतो.

उपचार आणि दाखल करणं यासाठी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ आहे. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर विकार येतात, त्यामुळे स्मृतिभ्रंश त्यात बसतो. कलम १४ खाली आई साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. नेमलेल्याची लेखी संमतीही घ्या. हे समज आहे तोवरच करायचं. राहून गेलं तर कायदा नुसतं ‘नातेवाईक’ म्हणतो. चार मुलांतलं कोण, हे सांगत नाही, आणि मग जो जवळ असेल त्याचं चालतं.

आईच्या संमतीशिवाय दाखल करायचं तर कलम ८९. प्रतिनिधीचा अर्ज लागतो. शिवाय दोन स्वतंत्र तपासण्या लागतात: एक मानसोपचारतज्ज्ञाची, दुसरी अन्य मानसिक आरोग्य व्यावसायिकाची किंवा डॉक्टरांची, आणि त्या दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत झालेल्या हव्यात. मुदत ३० दिवसांची. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांत कळवावं लागतं, स्त्री असेल तर ३ दिवसांत. दाखल करणं मान्य नसेल तर आई स्वतः किंवा प्रतिनिधी त्या मंडळाकडे दाद मागू शकतो.

यातलं काहीच पाळलं जात नाही ते वृद्धाश्रमात. दाराला कुलूप, आणि फाइलीत फक्त मुलाचं संमतिपत्र. कुणाची तपासणी नाही, मुदत नाही. माझं स्पष्ट मत आहे की मुलाच्या संमतीनं आईला कोंडता येत नाही. मानसिक आजार असलेल्यांना देखभालीसाठी ठेवणाऱ्या जागेला कलम ६५ प्रमाणे नोंदणी लागते, म्हणून पैसे भरण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. बेकायदा कोंडून ठेवलं असेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात हेबियस कॉर्पसचा (कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढं हजर करा, असा) अर्ज करता येतो.

प्रेषक: सभासद, बर्मिंगहॅम (मूळ खानापूर, समजशक्ती तपासणीचं काम)

वकीलसाहेबांनी कायदा सांगितलाच आहे. मी तपासणीबद्दल लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं असतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘डॉल्स’ची नेहमीची परवानगी मिळण्याआधी सहा तपासण्या होतात. परवानगी जास्तीत जास्त एक वर्षाची असते. माणसाला स्वतःचा प्रतिनिधी मिळतो आणि कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडे जाता येतं. तिकडं असा बाहेरचा पहारा तोकडा आहे, म्हणून तपासणीच्या खोलीत काय होतं याकडं आपणच लक्ष द्यायला हवं.

भारतातल्या त्या २०१७ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये म्हटलंय की माहिती त्या माणसाला समजेल अशा सोप्या भाषेत द्यायची. खानापूरच्या आजींना कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत विचारलं तर त्या गप्प बसतात, आणि कागदावर ‘समज नाही’ असं येतं. ठरावीक प्रश्नावलीत ‘हे राज्य कोणतं?’ असतं. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. ज्यांचं लहानपण त्या राज्यात गेलं आणि उमर सीमालढ्यात, ते ‘महाराष्ट्र’ म्हणतील. तारखेऐवजी तिथी सांगतील. दोन्हीकडं गुण जातात. आणि गुण कमी आले म्हणजे निर्णय घेता येत नाही असंही नाही. विचारायचं ते त्या एका निर्णयाबद्दल: कुठं राहायचं, तिथं काय होईल, घरी राहिलं तर काय होईल, हे त्यांना त्यांच्या शब्दांत सांगता येतं का? निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, एवढ्यावरून समज नाही असं ठरवता येत नाही. कलम ४ तसं स्पष्ट म्हणतं.

सकाळची वेळ घ्या. चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं हवं. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं किंवा नवीन झोपेची गोळी यांनी माणूस अचानक भ्रमिष्ट होतो. आधी ते बघून घ्या, उपचार करा आणि मग पुन्हा तपासा. प्रश्न आणि उत्तरं मराठीत जशीच्या तशी लिहून डॉक्टरांच्या इंग्रजी दाखल्याला जोडा. दुभाषा म्हणून ज्याला घर मिळणार आहे तो नको.

प्रेषक: सभासद, लेस्टर

ताई, वकीलसाहेब, आभार. समज आधीच गेली असेल तर घर आणि ठेवींचं काय?

प्रेषक: वकील सभासद, लंडन

इथं कायद्यात मोठं भगदाड आहे. मानसिक आरोग्याच्या १९८७ च्या जुन्या कायद्यात जिल्हा न्यायालय मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमू शकत होतं. २०१७ च्या कायद्यात ती सोयच नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ ची स्थानिक समिती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, स्मृतिभ्रंशासाठी नाही. उरतात दोन वाटा: दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ खाली ठरावीक निर्णयापुरतं मर्यादित पालकत्व, किंवा उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज. दोन्हीसाठी वैद्यकीय दाखला, मालमत्तेची यादी आणि सगळ्या वारसांची लेखी संमती तयार ठेवा. एक वारस अडला की प्रकरण रेंगाळतं.

समज असताना आई घर कुणाच्या नावे करत असेल, तर सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहून घ्या. पुढं सांभाळ केला नाही, तर ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली असा दस्त रद्द करून घेता येतो, आणि अर्ज एसी (असिस्टंट कमिशनर) ऑफिसमधल्या न्यायाधिकरणाकडे करायचा. अट लिहिलेली नसली की सिद्ध करणं फार अवघड जातं.

प्रतिनिधी नेमण्याचा मराठी मसुदा उद्या यादीवर पाठवतो. सही घेताना सगळी भावंडं फोनवर असू द्या, आणि आईला समज असल्याचं डॉक्टरांचं त्याच दिवसाचं पत्र त्याला जोडा.