आईच्या गुडघ्यासाठी 'नॅनो कोटिंगचा' सोनेरी इम्प्लांट घ्यावा का?

कराडची_लेक
नमस्कार मंडळी. आईच्या (वय ६८) उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरांवर विश्वास आहे. पण खर्चाचं विचारायला गेलो तर काउंटरवरच्यांनी दोन कोटेशनं पुढं ठेवली. एक साध्या कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूच्या सांध्याचं, दुसरं सोनेरी सांध्याचं, "नॅनो कोटिंग आहे, हाडाशी एकजीव होतो" असं सांगून. फरक बराच आहे. भाऊ म्हणतो, आईसाठी पैशाकडं बघायचं नाही. मलाही बघायचं नाही, पण ते नॅनो म्हणजे काय आणि आईला त्याचा उपयोग काय, एवढं कळलं तर बरं.

धातुवाला_भोसरी
ताई, मी डॉक्टर नाही, टूल कोटिंगमध्ये काम करतो. तो सोनेरी रंग बहुतेक टायटॅनियम नायट्राइडचा किंवा त्याच्या जवळच्या प्रकाराचा असणार. आमच्याकडे ड्रिलवर तोच चढतो: निर्वात चेंबर, आत नायट्रोजन, टायटॅनियमवर विजेची ठिणगी (आर्क), आणि करडं ड्रिल सोनेरी होऊन बाहेर येतं. चढवण्याआधी बोटाचा ठसा राहिला तर नेमका तिथलाच थर सुटतो, म्हणून आम्ही हातमोज्यांशिवाय माल उचलत नाही.

हा थर काही मायक्रॉनचा असतो, म्हणजे हजारो नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). त्याचे गुण खरे आहेत: पृष्ठभाग फार कठीण होतो, ओरखडे कमी पडतात, खालच्या धातूचे आयन, म्हणजे विद्युतभारित सूक्ष्म कण, कमी सुटतात. पण हे गुण लागतात सांध्यातल्या प्लास्टिकच्या भागावर घासणाऱ्या बाजूला. हाडाशी एकजीव होणं हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न आहे, आणि काउंटरवर या दोन्हींची सरमिसळ झालेली दिसते.

हाडाच्या बाजूचं संशोधन मात्र खरंच भारी आहे. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवरच्या प्रयोगात दिसलं. पुढचा प्रश्न असा की पेशीला काय 'जाणवतं'? हाडातले खनिजाचे स्फटिक जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचे, आणि पेशी ज्या प्रथिनांनी पृष्ठभाग पकडते त्यांचं टोक साधारण १० नॅनोमीटरचं. म्हणून खडबडीतपणाही त्याच मापाचा करून बघतात. टायटॅनियमचा तुकडा फ्लोराइडच्या द्रावणात ठेवून वीज दिली की त्यावर ऑक्साइडच्या सूक्ष्म नळ्या उभ्या राहतात. १ ते २० व्होल्टमध्ये नळ्यांचा व्यास साधारण १५ ते १०० नॅनोमीटर. २००७ मध्ये जर्मनीत एरलांगेनला १५ नॅनोमीटरच्या नळ्यांवर पेशी छान रुजल्या आणि १०० च्या नळ्यांवर मरू लागल्या. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटाला ७० ते १०० च्या नळ्यांवर मूळ पेशी (स्टेम सेल) हाडाच्या पेशींकडे वळताना दिसल्या. हे सगळं काचपात्रातलं. माणसाच्या गुडघ्यात वीस वर्षांनी काय होतं, हे त्यातून ठरत नाही.

आता आईंच्या कामाचं: गुडघा सिमेंट (सांधा हाडाला पक्का बसवणारा खास लगदा) लावून बसवणार की सिमेंटशिवाय, हे आधी विचारा. सिमेंट असेल तर हाड आणि धातू यांच्यामध्ये सिमेंटचा थर येतो. मग धातूवर नॅनो नळ्या असोत वा नसोत, हाडाची गाठ पडते ती सिमेंटशी.

ओटी_सिस्टर_नाशिक
दादांनी बरोबर मुद्दा पकडला. आमच्याकडे तरी गुडघे बहुतेक सिमेंटचेच असतात. पावडर आणि लिक्विड टेबलावरच कालवतो, उग्र वास सुटतो, कणकेसारखं झालं की सर हाडावर आणि इम्प्लांटवर लावून दाबून धरतात आणि काही मिनिटांत ते दगड होतं. सिमेंटशिवायचे हिपमध्ये (खुब्याच्या सांध्यात) जास्त बघितलेत.

किमतीचं: ऑगस्ट २०१७ मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमती ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) कमाल किमती बांधल्या. तेव्हा कोबाल्ट-क्रोमचा संच ५४,७२० आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा ७६,६०० रुपये, जीएसटी वेगळा. आजचे आकडे त्यांच्या साइटवर बघा आणि बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी मागा. पाकिटावरचे स्टिकर फाइलला लावतात, त्यांचा फोटो काढून ठेवा. पुढं कधी एक्स-रे दाखवायची वेळ आली की कंपनी, साइज, बॅच सगळं हाताशी असतं.

कराडची_लेक
दोघांचे खूप आभार. सरांना फोन केला, सिमेंटचाच बसवणार आहेत. एक राहिलं: आईला खोट्या दागिन्यांनी गळ्याला पुरळ येतं. यानं काही फरक पडतो का?

धातुवाला_भोसरी
हे सरांना आजच सांगा, फाइलवरही लिहून घ्या. ते पुरळ बहुधा निकेलचं असतं आणि कोबाल्ट-क्रोममध्येही थोडं निकेल असतं. कातडीला त्रास होतो म्हणून सांध्यालाही होईलच असं नाही. पण सोनेरी थराचा विचार करायचा तर या कारणासाठी करणं मला पटतं, कारण आयन अडवणं हे त्याचं खरं काम आहे.

ओटी_सिस्टर_नाशिक
सहमत. आणि ताई, मांडीचे व्यायाम आईंना आत्तापासूनच सुरू करू द्या, ऑपरेशनची वाट बघू नका. शुगर असेल तर ती आधी आटोक्यात आणा. जंतुसंसर्गाचा धोका त्यानं कमी होतो.