पोटरी चालतानाच का धरते?

एकाने विचारलंय, काकांच्या पोटऱ्या चालताना भरून येतात, काय करावं? त्यावर कुणीतरी वय झालंय, तेल चोळा, असं सुचवलंय. कृपया तेवढ्यावर थांबू नका. आम्हीही वडिलांना वर्षभर तेलच चोळत बसलो.

तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. दोन ओळी चालल्या की वडील मांडवाच्या खांबाला हात टेकून उभे राहायचे. दोन-तीन मिनिटांत कळ जायची. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा तीच कळ. पायाची रोहिणी, म्हणजे पायाला रक्त नेणारी नळी, आतून चरबीच्या थराने अरुंद झाली होती. बसल्या जागी रक्त पुरायचं, चालताना स्नायूंची मागणी वाढली की कमी पडायचं. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर त्याच दाबाला प्रवाह निम्मा नाही, सोळावा हिस्सा उरतो! (शरीर आजूबाजूने वाटा काढतं, म्हणून निभावतं.)

मणक्यातली पोकळी अरुंद झाली तरी चालताना पाय दुखतात. पण तिथे बसल्यावर, पुढे वाकल्यावर आराम पडतो. रोहिणीच्या दुखण्यात नुसतं उभं राहिलं तरी पुरतं. काकांचं यातलं कोणतं, हे नीट बघून डॉक्टरांना सांगा.

घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, ०.९ किंवा कमी आला तर रोहिणीचाच संशय. मधुमेहात हा आकडा फसवतो, मग डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात.

बागेतल्या ठिबकच्या नळ्यांत ॲसिड सोडून क्षार काढतो, तशी रोहिणी धुऊन निघत नाही. वडिलांची बिडी सुटली, गोळ्या लागल्या, आणि कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, हा रोजचा नेम. आता सहा ओळी होतात.

पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर मात्र सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.